टॉनिकची बाटली आणि मेथीचा वाफा

दिवाळीची सुट्टी संपता संपता एक आजी आपल्या चार वर्षांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. मागोमाग मुलीची आई. आजी रागावलेल्या, आई ओशाळलेली. "डॉक्टर, ही पोर माती खाते," आजींनी सुरुवात केली. "भिंतीचे पोपडे खाते, पाटीवरची पेन्सिल खाते. समजावून झालं, मारून झालं. शेवटी हिच्या बापानं मागच्या सगळ्या अंगणात फरशी घातली. तर आता तुळशीच्या कुंडीतली माती उकरते!"

मी मुलीची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग लाल दिसायला हवा, तो पांढुरका होता. रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ७.८ ग्रॅम भरले. या वयात ते निदान ११ असायला हवे. मग खाण्यापिण्याची चौकशी केली. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वरणभात, दिवसभरात तीन पेले दूध आणि मधल्या वेळेला दुकानातला कसला तरी तळलेला पुडा. "आणि भाजी?" मी विचारले. "हिरवं पान दिसलं की ताट ढकलते," आई म्हणाली आणि लगेच पुढचे वाक्य आले, "एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या ना."

हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. वाचकहो, प्रामाणिकपणे सांगायचे तर पुष्कळ वर्षे मी ते निमूटपणे मानतही आलो. बाटली लिहून दिली की आई समाधानी आणि डॉक्टर मोकळा. पण बाटली संपली की मूल पुन्हा त्याच ताटापाशी बसते आणि सहा महिन्यांनी पुन्हा माझ्यासमोर येते. म्हणून आजच्या लेखात बाटलीविषयी थोडे आणि मेथीच्या वाफ्याविषयी जास्त लिहिणार आहे.

माती खाणे हा खोडकरपणा नव्हे

मूल वर्ष-दीड वर्षाचे असताना हाताला लागेल ते तोंडात घालते. तो वयाचा भाग आहे. पण तीन-चार वर्षांचे मूल शोधून शोधून माती, चुना, पेन्सिल, कच्चे तांदूळ खात असेल, तर पुष्कळदा त्याच्या शरीरात लोह कमी पडलेले असते. त्याला मारणे म्हणजे ताप आला म्हणून मारण्यासारखे आहे. शिवाय मातीबरोबर जंतांची अंडी पोटात जातात. अनवाणी फिरणाऱ्या मुलाच्या पायांच्या कातडीतून अंकुशकृमी शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. त्यामुळे पंडुरोग आणखी वाढतो. असे हे चक्र आहे.

ही एका घरातली गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ५३.८ टक्के होता. म्हणजे घराघरांत वस्तू वाढल्या, दुकाने वाढली आणि मुले मात्र आणखी फिकी झाली!

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हिमोग्लोबिन ७.८ झालेल्या मुलाला पालेभाजीने बरे करता येत नाही. त्याला लोहाचे औषधच लागते, तेही वजनाप्रमाणे मोजून आणि निदान तीन महिने. औषधाने शौचाला काळे होते, त्याने घाबरून औषध बंद करू नये. दुधाबरोबर किंवा चहाबरोबर ते देऊ नये. लिंबाच्या सरबताबरोबर दिले तर चांगले लागू पडते. आणि घरात मोठ्यांच्या लोहाच्या गोळ्या असतील तर त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. लाल गोळ्या गोड समजून मूठभर खाल्ल्या, तर मुलाच्या जिवावर बेतते.

या मुलीला जंताचे औषध दिले, लोहाचे औषध सुरू केले, चहा बंद केला आणि दूध दोन पेल्यांवर आणले. नुसत्या दुधाने पोट भरलेल्या मुलाला भूक लागत नाही आणि दुधात लोह अगदी थोडे असते, हे आपल्याकडे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

"चार फरश्या उचला"

तीन आठवड्यांनी मुलगी आली, तेव्हा मातीची ओढ बरीच कमी झाली होती. त्या दिवशी मी मुद्दाम वडिलांनाही बोलावले होते. त्यांना म्हटले, "मागच्या अंगणातल्या चार फरश्या उचला आणि ती जागा मुलीला द्या." ते माझ्याकडे पाहतच राहिले. "अहो डॉक्टर, माती खाते म्हणून तर फरशी घातली!"

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. औषध सुरू होण्याआधी मी हा सल्ला दिलाही नसता. पण आता मातीची भूक ओसरली होती. उरला होता तो भाजीचा दुरावा. त्याला कोणतेही टॉनिक नाही. चार वर्षांच्या मुलाला "पालेभाजी खा, रक्त वाढते" असे सांगून काय कळणार? रक्त वाढते म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसते. पण आपण टाकलेल्या दाण्याला कोंब आला, हे मात्र त्याला बरोबर कळते.

दोन बाय दोनच्या चार शहाबादी फरश्या उचलल्या. सोळा चौरस फूट जागा झाली. आजींनी स्वयंपाकघरातल्या डब्यातून मूठभर मेथ्या काढल्या. वडिलांनी माती मोकळी करून त्यात जुने, पूर्ण कुजलेले शेणखत मिसळले. मुलीने दाणे फेकले. ते एका जागी दाट आणि दुसरीकडे विरळ पडले, आणि आजींचा हात ते सारखे करायला शिवशिवत होता. तो त्यांनी आवरला, हे त्यांनी स्वतःच मला नंतर सांगितले. चौथ्या दिवशी कोंब दिसले. मुलगी सकाळी तोंड धुण्याआधी मागच्या दारी पळू लागली.

महिन्याच्या आत मेथी वीतभर झाली. पहिल्या दिवशी तिने आपल्या हाताने खुडली, आईजवळ बसून निवडली आणि थालीपिठात घातलेली खाल्ली. दुसऱ्या दिवशी भाजी केली, तर "कडू आहे" म्हणून थुंकली. हेही सांगितले पाहिजे. परसबाग केली की मूल एका दिवसात भाजीखाऊ होते, असे नाही. पी हळद नि हो गोरी, असे शरीराच्या बाबतीत कधी होत नसते. नवी चव अंगवळणी पडायला मुलाला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, थोडी थोडी समोर यावी लागते. आपण दोनदा वाढतो, तिसऱ्यांदा "आमच्याकडे नाही हो खात" असे जाहीर करतो आणि मूलही ते वाक्य पाठ करते.

तीन महिन्यांनी मुलीचे हिमोग्लोबिन ११.२ भरले. त्याचे श्रेय औषधाला आहे, मेथीला नाही. सोळा चौरस फुटांत अशी किती मेथी होणार! शिवाय पालेभाजीतले लोह शरीर थोडेच शोषून घेते. पालकाचे नाव मोठे आहे, पण त्यातले बरेचसे लोह शरीराला मिळतच नाही. मग वाफ्याने केले काय? त्याने एवढेच केले की, बाजारातून आणलेली मेथी, माठ, चवळीही आता त्या ताटातून परत जात नाही. औषधाने रिकामा हौद एकदा भरून दिला. तो पुढे भरलेला ठेवायचा तर रोजचे ताटच सुधारले पाहिजे. भाकरी, डाळ-उसळ, पालेभाजी, वर लिंबाची फोड आणि खात असतील त्यांच्याकडे अंडी-मासे, असे ते ताट हवे.

आधी माझी चूक

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःच्या घरातले सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यामागे मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ होती, कुंपणावर दोडक्याचा वेल होता. आई भाजी चिरायला घ्यायची आणि आम्हाला मागे पिटाळायची, "चार मिरच्या आण, कोथिंबिरीच्या दोन काड्या आण." तेव्हा कोणी त्याला शिक्षण म्हणत नव्हते. पुढे मी घर बांधले, मोटार घेतली आणि पावसाळ्यात चिखल नको म्हणून मागचे-पुढचे सगळे अंगण फरशीबंद करून टाकले. माझा मुलगा त्या स्वच्छ फरशीवर वाढला. आज तो कमावता आहे आणि अजून पोह्यातली कोथिंबीर वेचून ताटाच्या कडेला लावतो. सौभाग्यवती त्याचा दोष मला देतात आणि मला तो मान्य आहे.

गावात फिरताना पाहतो, नवे घर झाले की पहिले काम अंगणात फरशी नाहीतर सिमेंटचे ठोकळे बसवण्याचे. सगळे अंगण उघडे ठेवा, असे माझे म्हणणे नाही. गाडी हवी, चिखल नको, हे मलाही कळते. पण लहान मूल असलेल्या घरात सोळा चौरस फूट तरी माती उघडी असावी, असे माझे मत आहे.

सुरुवात कशी करावी?

मोठा बेत करू नका. चार-पाच तास ऊन येते अशी जागा निवडा. मुलाच्या हाताने पहिल्यांदा असे काही पेरा, जे लवकर उगवते. हिवाळ्यात मेथी सर्वांत सोपी. चार दिवसांत कोंब, महिन्याभरात भाजी. धने हलके रगडून दोन फाकी करून पेरले की आठ-बारा दिवसांत कोथिंबीर उगवते. हरभरा पेरला की कोवळे शेंडे खुडून भाजी करता येते. स्वयंपाकघरातला न भाजलेला राजगिरा पेरला, तर त्याचीही पालेभाजी होते. मुळा साधारण दीड महिन्यात तयार होतो आणि तो जमिनीतून उपटण्यात मुलांना जो आनंद होतो, तो काही वेगळाच असतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला भेंडी, गवार, चवळी आणि कुंपणावर दोडका लावा. चवळीचे, वालाचे मोठे दाणे लहान बोटांना धरता येतात. पावसाआधी शेवग्याची फांदी रोवली तर पुढे शेंगा आणि पाला दोन्ही मिळतात. फक्त शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, मुलांना त्यावर चढू देऊ नका.

पाणी नाही, ही तक्रार खरी आहे. आमच्याकडेही उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते. पण तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतलेले पाणी एवढ्याशा वाफ्याला बव्हंशी पुरते. शेळ्या-कोंबड्यांसाठी जुन्या लुगड्याचे कुंपण चालते. परस नसेल त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली भोके पाडून, त्याची कडा ठोकून बोथट करून तो उन्हात ठेवावा.

बी शक्यतो आपल्या भागातले, पुन्हा धरता येईल असे घ्या. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी वाण जपण्याच्या कामासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे ज्ञान आपल्या खेड्यांतल्या आजीबाईंकडे अजून शिल्लक आहे. एक दोडका वेलावर वाळू द्या आणि त्यातले बी मुलाला स्वतः काढू द्या. पुढच्या वर्षीची पेरणी त्याची स्वतःची असेल.

डॉक्टरची पथ्ये

आता माझ्या धंद्यातली पथ्ये. ती पाळणार नसाल, तर परसबाग न केलेली बरी.

१. पुडीतले रंगीत, औषध चोळलेले बियाणे मुलांच्या हातात देऊ नका. ते विषारी असते. मुलांसाठी डब्यातले मेथ्या-धनेच बरे.

२. मुले दाणे नाकात आणि कानात घालतात. वालाचा दाणा नाकात फुगतो. घरी चिमट्याने किंवा पिनेने काढायला जाऊ नका, तो आणखी आत जातो. सरळ डॉक्टरकडे या.

३. पायात चपला हव्यात. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, नखे कापलेली असावीत. वर्षातून दोनदा शाळेत-अंगणवाडीत जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका. धनुर्वाताच्या लसीची नोंद कार्डावर तपासून घ्या. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान आणि पाच वर्षांनंतर त्रिगुणीचा वर्धक डोस असतो.

४. ताजे शेण घालू नका, पूर्ण कुजलेलेच खत वापरा. संडासाचे किंवा गटाराचे पाणी वाफ्यात येता कामा नये. गावात मोकाट डुकरे फिरतात, उघड्यावरची घाण भाजीला लागते आणि न धुता खाल्लेल्या कच्च्या भाजीतून पट्टकृमीची अंडी पोटात जातात. त्यांच्या गाठी मेंदूत होऊन फिट येतात. म्हणून मुळा, गाजर, कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. अगदी लहान मुलाला गाजर किसूनच द्या, तुकडा घशात अडकू शकतो.

५. "विचारल्याशिवाय कोणतेही पान, फळ, बी तोंडात घालायचे नाही," हा पहिला धडा. कण्हेर, धोतरा, एरंड, चंद्रज्योत ही झाडे आपल्या कुंपणांवरच असतात. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात आणि उलट्यांनी बेजार होऊन दवाखान्यात येतात. कच्च्या अळूने घसा खाजतो आणि सुजतो.

६. बादलीत, टायरमध्ये, कुंडीखालच्या बशीत आठ दिवस पाणी साचले की डेंग्यूचे डास तयार होतात. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा. पाला-विटांचे ढीग ठेवू नका, त्यात साप-विंचू राहतात.

७. शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. मुलांच्या वाफ्यावर शेतातले कीटकनाशक मारू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती धडधाकट माणसे होती. मावा पडला तर फांदी पाण्याने धुवा, राख भुरभुरा, अळ्या हाताने वेचा. फारच झाले तर ते झाड उपटून टाका. आणि उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून कोनाड्यात कधीही ठेवू नका. अशी बाटली तोंडाला लावलेला एक पाच वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचवेपर्यंत जीपमध्ये त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. तो वाचला. ते त्याच्या आईचे नशीब, दर वेळी तसे होत नाही.

हे काम कोणाचे?

येथवर वाचून अनेक आयांनी मनात म्हटले असेल, "म्हणजे आणखी एक काम आमच्याच माथी!" त्यांची भीती रास्त आहे. स्वयंपाक, धुणे, पाणी भरणे, कोणाची नोकरी, कोणाचे शेत, त्यात हा वाफा. म्हणून माझी विनंती बापमंडळींना आणि आजोबांना आहे. सकाळी पेपर वाचायला लागतो त्याच्या निम्मा वेळ पुरेल. कुदळ तुम्ही मारा, पाणी मुलाला घालू द्या. त्याने जास्त घातले, रोप उपटून मूळ पाहिले, पेरलेले बी तिसऱ्या दिवशी उकरून काढले, तर ओरडू नका. आपल्याला भाजी पिकवायची नसून मूल वाढवायचे आहे. आणि त्या वाफ्याची दुसऱ्याच्या मुलाशी चढाओढ लावू नका. तिथे तरी पहिला नंबर नको.

अंगणवाडीताई आणि प्राथमिक शिक्षकांनाही सांगणे आहे. पोषण आहार योजनेत शाळेच्या परसबागेला जागा दिलेली आहे. काही शाळा ती फार छान फुलवतात. काही ठिकाणी मात्र ती पाहुणे येणार असले की कुंड्या मांडण्यापुरती उरते. पोरांनी स्वतः पेरलेली कोथिंबीर त्यांच्याच खिचडीवर पडली, तर खिचडीची चव वेगळी लागेल आणि ताटे रिकामी होतील.

गेल्या महिन्यात ती मुलगी सर्दीसाठी आली होती. आता बालवाडीत जाते. हातात दोऱ्याने बांधलेली मेथीची जुडी होती, जेमतेम दहा-बारा काड्यांची. "डॉक्टरकाका, ही तुम्हाला," म्हणाली, आणि मग मोठ्या माणसासारखे बजावले, "धुऊन खा हं!" सर्दीला मी औषध लिहिले नाही, नुसती वाफ घेऊ नका, भाजेल, एवढे आईला सांगितले. आई जाताना टॉनिकचे नाव काढील, असे वाटले होते. तिने काढले नाही.

पालकहो, येत्या रविवारी मागच्या दारी जाऊन एकदा पाहा. चार फरश्या उचलता येतात का?